एकवीस दिवसांची सुई

इंदापूर तालुक्यात भवानीनगरच्या बाजूला मी दवाखाना चालवला, म्हणून ‘अ‍ॅटॅक’ म्हटलं की मला सुखवस्तू बागायतदाराआधी ऊसतोडीची बाई आठवते. तिशीच्या आतली, अंगावर मांस नाही, एक मोळी वाहिली की धाप.

1885 साली नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं, मागोमाग ऊस आणि कारखाने. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडच्या टोळ्या यायच्या. पाचटाच्या कोपीत सगळं बिऱ्हाड दाटीवाटीनं झोपे. एका पोराचा घसा धरला की बाकीच्यांचाही धरे. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्याचे सांधे सुजत. सांधे बरे होत, पोर खेळू लागे, घरचे विसरून जात. आत हृदयाची मायट्रल झडप मात्र वर्षानुवर्षं आकसत राही.

झडप अरुंद झाली की तिच्यामागचा कप्पा फुगतो, ठोके बेताल होतात, साचलेल्या रक्तात गुठळी धरते. ती सुटली तर बहुधा मेंदूकडे जाते आणि लकवा होतो. क्वचित ती हृदयाच्याच रोहिणीत शिरते. छातीत कळ, ईसीजी अ‍ॅटॅकचा, आणि सासू विचारते, “डॉक्टर, हिला भाकरीवर तेल मिळंना, हिची नळी कशी बुजली?” सासूचा प्रश्न बिनतोड होता. सुनेच्या रोहिणीत चरबीचा थर नसतोच. गुठळी विरघळली तर अँजिओत नळी स्वच्छ दिसते. पण क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी 1958 मध्ये वाट दाखवेपर्यंत जिवंत माणसाची ही रोहिणी नेमकी पाहताच येत नव्हती, आणि नंतरही आमच्याकडून अँजिओ म्हणजे पुणं गाठणं. जुन्या केसपेपरांवर नुसतं ‘अ‍ॅटॅक’ लिहिलेलं असे.

वास्तविक हे सारं टाळणाऱ्या पेनिसिलिनचा सरकारी कारखाना याच जिल्ह्यात, पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 ची. सांध्यांचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून मोठ्या माणसाला दर 21 दिवसांनी 12 लाख युनिटची लांब टिकणारी सुई, तीही अनेक वर्षं. सुई दुखते, पण खरी अडचण खाड्याची. उचल घेतलेल्या जोडीला दवाखान्याचा दिवस परवडत नाही. त्यात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावाकडे, आणि माझ्या कार्डावरची पुढची तारीख तिथे विचारणार कोण? मुकादमाला मी दम भरायचो. तो मान हलवायचा.

गुठळीसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी. नव्या गोळ्यांना वरचेवर रक्त तपासावं लागत नाही, म्हणून मला आशा होती. पण 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात अशा झडपांच्या रुग्णांमध्ये जुनीच सरस ठरली. म्हणजे तोडीवरच्या बाईला अजूनही रक्ताचा आयएनआर तपासत राहायचं, हंगामात इथे आणि पावसाळ्यात गावी.