भाडेकराराच्या कलमांमागील इतिहास

इतिहास म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. परंतु ज्या कागदाच्या आधारावर सामान्य गृहस्थाचा संसार चालतो, त्या घरभाड्याच्या करारासहि इतिहास आहे. त्यांतील पुष्कळशीं कलमें म्हणजे जुन्या भांडणांच्या खुणाच होत. मुंबई शहराचें उदाहरण घेऊन तो इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि घरमालकानें करारांत काय लिहावें या प्रश्नाचें उत्तर त्यांतूनच काढावें, असा आमचा हेतु आहे.

१८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें भाडेपट्टा म्हणजे जागेच्या उपभोगाच्या हक्काचें हस्तांतरण, अशी व्याख्या केली. त्याच सालच्या ईझमेंटच्या कायद्यानें 'परवाना' ही निराळी वस्तु सांगितली. परवानेदारास जागेंत कोणताहि हितसंबंध प्राप्त होत नाहीं. त्याचें तेथें असणें बेकायदेशीर ठरत नाहीं, इतकेंच. हा सूक्ष्म भेद पुढें असंख्य बिऱ्हाडांचें भवितव्य ठरविणार आहे, असें त्या वेळीं कोणासहि वाटलें नसेल.

पहिल्या महायुद्धांत मुंबईंत घरांची टंचाई होऊन भाडीं कडाडलीं, आणि १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा आला. तो तात्पुरता होता. १९४७ चा कायदा मात्र ठाण मांडून बसला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें चालू होतें, तेंच पुष्कळ जुन्या घरांचें प्रमाण भाडें ठरलें. भाडेकरूच्या डोक्यावरचें छप्पर त्यामुळें सुरक्षित झालें, हें त्या कायद्याचें पुण्य होय. परंतु गोठलेल्या भाड्यांतून इमारतींची डागडुजी होईना, आणि कायद्यानें निषिद्ध केलेली पागडी पडद्याआड चालूच राहिली.

यावर मालकांनीं शोधलेली युक्ति म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स'. राहणारा तोच, खोली तीच, दरमहा रक्कमहि तीच. केवळ कागदावर भाडेकरूऐवजीं परवानेदार असें लिहावयाचें! १९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या एका हॉटेलांतील खोल्यांच्या वादांत सांगितलें कीं, दस्ताचें नांव निर्णायक नव्हे, त्याचा आशय पाहावा. पुढें १९७३ च्या दुरुस्तीनें तर त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानेदार चालू करारानें जागेंत राहत होते, त्यांस भाडेकरूच मानलें. शब्दांच्या भिंतीआड लपलेल्या मालकांची ती भिंत एका रात्रींत कोसळली.

दुसऱ्या बाजूचा अन्यायहि कायम राहिला नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या भाड्यांविषयींच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें परवान्यास राजमान्यता दिली, पण एका अटीवर: करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयीं राहणाऱ्याचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांचा करार करण्याची जुनी रीत पडली. महाराष्ट्रांत तिचें कारण नाहींसें झालें, रीत मात्र उरली आहे.

आतां कलमांकडे वळूं. नांवें, जागेचें वर्णन, रक्कम आणि तारखा हीं तर हवींतच. मुदत संपल्यावरहि परवानेदार जागा सोडीत नसेल तर कायद्यानें दुप्पट रक्कम वसूल होते. म्हणून मुदतीचा आरंभ व अंत निःसंदिग्ध असावा. अनामत रक्कम किती, कोणत्या कारणानें कापली जाईल आणि किल्ली परत देतांना ती कशी परत मिळेल, हें लिहावें. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नमुना कायद्यानें राहत्या घरासाठीं दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. डागडुजीची वांटणीहि त्याच नमुन्यांत मोठी मार्मिक आहे: भिंतींची सफेती, पाण्याचे नळ-मार्ग व विजेच्या तारा मालकाकडे, नळाची तोटी, विजेचीं बटणें आणि फुटलेली कांच राहणाऱ्याकडे. गृहनिर्माण संस्थेचा आकार, वीजबिल, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, पूर्वसूचनेची मुदत, घरांतील सामानाची यादी, या गोष्टींचाहि स्पष्ट उल्लेख असावा.

वाचकांच्या लक्षांत येईल कीं यांतील प्रत्येक कलम दोघांसहि बांधतें. आमच्या मतें मुंबईच्या इतिहासाचा हाच बोध आहे. मालकानें केवळ आपल्या बचावाकरितां लिहिलेला कागद न्यायालयांत किंवा विधिमंडळांत केव्हां तरी उलटला. आणि मालकास केवळ दाबून ठेवणाऱ्या कायद्यानें भाडेकरूचें छप्परहि गळूं लागलें. करार म्हणजे अविश्वासाचा दाखला, अशी समजूत आपल्याकडे आहे. वास्तविक जें तोंडीं बोलण्यास संकोच वाटतो, तें आधींच लिहून ठेवल्यानें पुढें शेजारधर्म शाबूत राहतो. घर एकाचें आणि संसार दुसऱ्याचा, हें नातें मुळांतच नाजूक आहे. तें जपण्याचें काम चांगल्या करारानें करावें.