सूर्य, साखर आणि दात

औंध हे संस्थान विस्ताराने लहान, पण कीर्तीने मोठे होते. त्याची गावे आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. खुद्द औंध साताऱ्यात, तर आटपाडी आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला शाळेत आणि घरात स्थान मिळवून दिले. १९२८ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता.

त्याच सुमारास युरोपात सूर्यप्रकाशाचा विचार निराळ्या वाटेने चालला होता. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे जंबुपार किरण दिले आणि त्यांची हाडे सुधारली. इंग्लंडात मे मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. आहारात एक विशिष्ट द्रव्य कमी पडले तर दातावरचे कठीण कवच कच्चे राहते, असे त्यांना दिसले. ते द्रव्य म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले 'ड' जीवनसत्त्व होय. उन्हाने ते आपल्या कातडीतच तयार होते. १९३९ साली अमेरिकेत बायन ईस्ट यांनी शाळकरी मुलांचे दात आणि त्या त्या प्रदेशातील उन्हाचे तास ताडून पाहिले. जेथे ऊन अधिक, तेथे किडलेले दात कमी आढळले.

मग श्रोतेहो, बारा महिने ऊन असलेल्या आपल्या मुलखात दात का किडावेत?

पहिले कारण असे की, ऊन अंगणात असले म्हणून ते अंगाला लागतेच असे नाही. भारतात 'ड' जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. शिवाय उगवतीचे किरण तिरपे असतात. हे जीवनसत्त्व मुख्यतः सूर्य वर चढल्यावर बनते. पहाटेच्या नमस्काराने शरीर घडते, पण हे काम त्याच्याकडून फारसे होत नाही. आणि दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून गरोदर स्त्रीने घरातच कोंडून राहणे बाळाच्या दातांनाही हितावह नाही. एकदा तयार झालेले कवच ऊन नव्याने बांधून देत नाही.

दुसरे कारण गोड आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते कवच विरघळवते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतर झालेल्या प्रयोगात, दोन जेवणांच्या मधे चिकट गोड पदार्थ वारंवार खाल्ल्यास कीड झपाट्याने वाढते असे दिसले. आता कृष्णाकाठ पाहा. सांगलीची गुळाची पेठ जुनी. पुढे सहकारी साखर कारखाने आले आणि शेतकऱ्याच्या घरी पैसा आला. हे वैभव कष्टाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण उसाला पोसणारा सूर्य त्याच उसाच्या साखरेपासून आपला दात वाचवू शकत नाही.

'ड' जीवनसत्त्व दिलेल्या मुलांवरील २४ जुन्या प्रयोगांचा आढावा २०१३ साली फिलिप हुजोएल यांनी प्रसिद्ध केला. कीड निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे त्यात दिसले. पण या पुराव्याची खात्री कमी आहे, असे त्यांनीच बजावले. तेव्हा उन्हाचा लाभ अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या भरवशावर मुलाच्या हाती दिवसभर गोळ्या देऊ नयेत. गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे, आणि रात्री दात घासल्यावाचून मुलाला निजू देऊ नये.