नियम, अपवाद आणि दोन विहिरींमधले अंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत व्याकरण शिकविले. नियम सांगून झाला की ते विचारीत, "याला अपवाद कोणते? आणि अपवादच अधिक झाले, तर नियम कोणता?" अंकलेश्वरला १९६० साली तेल लागल्यापासून आम्हा बडोदेकरांना तेलविहीर अपरिचित नाही, तरीही मराठीचा अध्यापक तेलाविषयी बोलतो, याचे नवल वाटेल. परंतु गुरुजींच्या प्रश्नाचा अर्थ मला पुरता कळला तो अमेरिकेतील टेक्सास राज्याचा इतिहास वाचताना.

खनिज तेल सच्छिद्र खडकात, वायूच्या वा पाण्याच्या दाबाखाली असते. विहीर खोदली की तेथील दाब घटतो आणि तेल त्या दिशेने सरकते. वरची कुंपणे त्याला ठाऊक नसतात. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने १८८९ साली तेल व वायू यांना वन्य प्राण्याची उपमा दिली. जो पकडील, त्याचा तो! मग शेजाऱ्याच्या आधी आपण खोदावे, हाच शहाणपणा ठरला. त्या घाईत दाब अकाली ओसरे आणि पुष्कळसे तेल खडकातच अडकून राही.

यावर उपाय म्हणून टेक्सासच्या रेलरोड कमिशनने १९१९ साली 'नियम ३७' केला. दोन विहिरींत किमान ३०० फूट आणि विहीर व शेजाऱ्याची हद्द यांत किमान १५० फूट अंतर हवे. मात्र नासाडी टाळण्यासाठी किंवा मालकाच्या हक्काच्या रक्षणासाठी अपवाद करण्याची मुभा त्यातच होती.

ऑक्टोबर १९३० मध्ये पूर्व टेक्सासात प्रचंड तेलक्षेत्र सापडले. जमिनी लहान लहान तुकड्यांच्या. छोटा मालक म्हणे, "नियम पाळला तर मला विहीरच खोदता येणार नाही आणि माझ्या जमिनीखालचे तेल शेजारी नेईल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला अपवाद मिळाला. मग शेजारी म्हणे, "आता माझे तेल तिकडे चालले." त्यालाही अपवाद! किलगोर गावात सुमारे सव्वा एकरात २४ विहिरी उभ्या राहिल्या. १९३१ च्या उन्हाळ्यात तेलाचा भाव पिंपामागे दहा-पंधरा सेंटपर्यंत कोसळला आणि ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांना तेथे लष्करी अंमल पुकारावा लागला. पुढे उत्पादनाचा कोटा ठरविला गेला, तोही बहुतांशी विहिरीगणिक; म्हणजे जितक्या विहिरी अधिक, तितका वाटा अधिक.

येथे खलनायक कोणीच नाही, हेच मला अस्वस्थ करते. प्रत्येक अपवाद, एकेकटा पाहिला तर, न्याय्य होता. चूक होती ती न्याय मोजण्याच्या मापात. छोट्या मालकाला हवा होता तेलातला वाटा. कायद्याने त्याला दिली स्वतंत्र विहीर. लहान तुकडे एकत्र करून एका विहिरीच्या उत्पन्नात सर्वांना वाटा देता येईल, असा कायदा टेक्सासने केला तो १९६५ साली.

ही गोष्ट परकी मानून आपण निर्धास्त राहू नये. भारतात तेलासाठी सरकारी परवाना लागतो. पाण्याचे तसे नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने, निश्चित प्रवाहाने न वाहणारे भूजल आपल्या हद्दीत उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले. पुढे २००९ चा व्यापक कायदा आला. तरीही बांधाच्या अलीकडे बोअर लागली की पलीकडचा माणूस त्याहून खोल बोअर घेतो. माझ्या आजोळची विहीर अशीच आटली. शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचेही पीक वाळत होते.

गुरुजी आज असते तर त्यांनी एवढेच विचारले असते: "विहीर ज्याची त्याची, पण पाणी कोणाचे?" उत्तर देण्याचे काम आता आपले आहे.