भावनगरचे एक सत्र

महाविद्यालयात पहिल्याच वर्षी मुलाचे मन रमेना, तर त्याला तेथेच ठेवावे की अन्यत्र धाडावे, असे पालक आम्हांला वारंवार विचारतात. १८८८ साली हाच प्रश्न राजकोटच्या गांधी कुटुंबापुढे उभा होता.

वडील १८८५ सालीच निवर्तले होते. मॅट्रिक झालेल्या मोहनदासांना मुंबई महाग, म्हणून भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात घातले. तेथे व्याख्याने समजेनात, गोडीही लागेना. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी पुढे आत्मकथेत प्रांजळपणे नमूद केले आहे. पहिले सत्र संपताच ते घरी परतले. मावजी दवे या कुटुंबस्नेह्यांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्याचा सल्ला दिला. सल्ला शहाणपणाचा होता, पण त्याचे मोल थोडे नव्हते. मद्य, मांस व स्त्रीसंग वर्ज्य करण्याची शपथ आईसाठी घ्यावी लागली. मुंबईत ज्ञातीने बहिष्कार घातला. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बोटीवर चढले.

लंडनमध्ये सारे सुगम झाले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तेथील मॅट्रिकच्या परीक्षेत ते लॅटिनमध्ये अनुत्तीर्ण झाले (लॅटिनशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही!). पुन्हा बसले, उत्तीर्ण झाले. १० जून १८९१ रोजी त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली, आणि १२ जूनला त्यांनी परतीचा प्रवास धरला.