तीस तास आणि भिंतीतली भेग

चांदीपुरा विषाणूने होणाऱ्या मेंदूज्वरात ताप भरल्यापासून मृत्यूपर्यंत अनेकदा दीड-दोन दिवसही मिळत नाहीत. पुढचा घटनाक्रम कुणा एका मुलाचा नाही. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलेला या आजाराचा क्रम विदर्भातल्या एका कल्पित घरात, सहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर उलगडून दाखवला आहे.

काही दिवस आधी, तिन्हीसांज

पाऊस नुकताच लागला आहे. घराला लागून गोठा, गोठ्यामागे शेणाचा ढीग. मातीच्या भिंतीला भेग पडली आहे, आत ओल आणि अंधार. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी अंडी घालते ती अशाच जागी. ती डासाहूनही लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. गुणगुणत नाही, उंच उडत नाही, जमिनीलगत उड्या मारल्यासारखी फिरते. ओट्यावर खेळणाऱ्या मुलाच्या घोट्याला ती चावते. तो खाजवतो आणि विसरून जातो.

३० तास शिल्लक : रात्री ८

दिवसभर हुंदडलेलं पोर जेवायला उठत नाही. आजी कपाळाला हात लावते. “आंग तपून रायलं पोराचं.” आई तापाचं औषध पाजते, ओल्या फडक्याच्या घड्या ठेवते. पावसाळ्यात गावात दहा जणांना ताप असतो. याचा ताप वेगळा आहे हे या घटकेला कुणालाच ओळखता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही.

२४ तास शिल्लक : मध्यरात्रीनंतर २

ताप उतरत नाही. दोन उलट्या झाल्या. मूल कण्हतं, डोकं धरतं. रेबीजचा विषाणू ज्या कुळातला, त्याच ऱ्हॅब्डो कुळातला हा विषाणू. आकारही तसाच, बंदुकीच्या गोळीसारखा. पण रेबीज नसांच्या वाटेने आठवडे, महिने घेत मेंदू गाठतो. चांदीपुराला तेवढा धीर नाही.

२० तास शिल्लक : सकाळी ६

पहिली आकडी. हातपाय ताठ, डोळे पांढरे, दातखीळ. कुणी कांदा हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालू पाहतं. तोंडात काहीही घालायचं नसतं. मुलाला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही, आणि घड्याळ पाहायचं. साध्या तापाच्या आकडीनंतर मूल थोड्याच वेळात आईला ओळखतं. हे मूल ओळखत नाही. हाका मारल्या तर डोळे किलकिले करतं आणि पुन्हा गुंगीत जातं.

ही खूण प्रत्येक घराला ठाऊक हवी. ताप, आकडी आणि त्यानंतर न उतरणारी गुंगी दिसली की त्याच मिनिटाला १०८ लावायचा.

१८ तास शिल्लक : सकाळी ८

घरात दोन मतं पडतात. बाहेरचं असेल, आधी अंगारा लावून आणू, असं थोरले म्हणतात. बाप पेरणीच्या पैशांची जुळवाजुळव करतो. आशाताई येते, मुलाकडे एकदा बघते आणि सरळ रुग्णवाहिकेला फोन करते. या घरावर बोट ठेवायला माझं मन धजत नाही. ज्या गावातून दवाखाना दोन नाल्यांपलीकडे आहे, तिथे अंगारा सर्वांत जवळ असतो.

१५ तास शिल्लक : सकाळी ११

प्राथमिक आरोग्य केंद्र. दुसरी आकडी सुरूच आहे. मिडाझोलॅमने ती थांबते. ऑक्सिजन लागतो, रक्तातली साखर तपासली जाते, सलाइनची सुई टोचली जाते. पाच मिनिटांवर चाललेली प्रत्येक आकडी मेंदूचा प्राणवायू खात असते. म्हणून मोठ्या रुग्णालयाआधीचा हा अर्धा तास चुकवण्यासारखा नाही.

१२ तास शिल्लक : दुपारी २

मोठं रुग्णालय, बालरोग अतिदक्षता विभाग. मेंदूला सूज आली आहे आणि कवटी हाडाची. सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा नाही. तो खालच्या बाजूला, श्वास आणि हृदय चालवणाऱ्या केंद्रांवर दाब टाकू लागतो. सूज उतरवायला मॅनिटॉल, आकडी रोखायला औषधं, श्वासाला यंत्र. विषाणूला मारणारं औषध नाही, लसही नाही. तरीही अशा आधारावर कित्येक मुलं वाचतात. डॉक्टर विषाणूशी लढू शकत नाहीत; शरीराला लढायला वेळ मिळवून देतात. या मुलाचा तो वेळ बराचसा वाटेत सरला आहे.

६ तास शिल्लक : रात्री ८

रक्ताचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे निघतो. याच संस्थेने, तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. पुढे २००३ मध्ये तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. बहुतेकांना रुग्णालयात २४ तासही मिळाले नाहीत.

१ तास शिल्लक : मध्यरात्रीनंतर १

डोळ्याची एक बाहुली मोठी, दुसरी लहान. विजेरीच्या उजेडाला दोन्ही दाद देत नाहीत. आई दाराबाहेर फरशीवर बसली आहे, मुलाची चप्पल हातात धरून.

० : मध्यरात्रीनंतर २

हृदय थांबतं.

त्यानंतर

अहवाल येतो तेव्हा मुलाचे अंत्यसंस्कार झालेले असतात. त्याच्यासाठी तो उशिराचा आहे, शेजारच्या घरासाठी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेतल्या साबरकांठ्यापासून या आजाराच्या बातम्या येऊ लागल्या. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, आणि एकूण रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा नक्की झालेला. साठ वर्षं आपण हे नाव ऐकतो आहोत.

तीस तासांत डॉक्टरांच्या वाट्याला अर्धेच आले. उरलेले रस्त्याने, पैशाने आणि गैरसमजाने खाल्ले. पण खरी उलटी गणती ताप भरला तेव्हा सुरू झालीच नव्हती. ती भेग पडली तेव्हा सुरू झाली. त्या वेळी हाताशी तास नव्हते, आठवडे होते. गोठा घरापासून दूर नेता आला असता, शेणाचा ढीग हलवता आला असता, फवारणी मागून घेता आली असती, मुलाला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बारीक जाळीची मच्छरदाणी देता आली असती.

शेजारच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या खाटेमागच्या भिंतीलाही भेग आहे. आज ती माती कालवून लिंपायची आहे, दिवस मावळायच्या आत.