मुळा-मुठेतील मासे आणि नदीचा बदलता प्रवाह

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांच्याकडे मुंबई सरकारने इ. स. १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम सोपविले. या भ्रमंतीत त्यांनी येथील माशांचीही नोंद केली; ती १८३९ व १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केली. तीत ४६ जाती आहेत. अनेक नव्या जातींना साइक्स यांनी स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. खुद्री, कोलस, नुक्ता ही नावे त्यामुळे ग्रंथांत टिकली. त्यांपैकी खुद्री हा महसीर वर्गातील मासा त्यांना पुण्याजवळ मुळा-मुठेतच मिळाला होता.

पुण्यातील नदीतून असे मासे का गेले, या प्रश्नास शहराचे सांडपाणी हे उत्तर सर्रास दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यात गोटे व खडी असलेल्या तळावर अंडी घालतो. उन्हाळ्यात धार आटली की खोल डोहांचा आश्रय घेतो. वरचा खडकाळ प्रवाह, खालचा डोह आणि या दोहोंमधील मोकळी वाट यांपैकी एक जरी नाहीसे झाले तरी वीण खुंटते. मात्र मोठे मासे त्यानंतरही बरीच वर्षे जाळ्यात सापडत राहतात. त्यामुळे नदी तुटल्याचे वर्ष आणि मासा दिसेनासा झाल्याचे वर्ष ही एक नसतात. या अंतराकडे दुर्लक्ष केल्यास कारण नेहमीच उशिराचे मानले जाते.

खडकवासल्याच्या धरणाने १८७९ च्या सुमारास मुठेचा वरचा भाग खालच्या भागापासून वेगळा केला. १९२० नंतरच्या दशकात मुळशीचे धरण झाले. त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखाली भिऱ्यास सोडले जाते आणि ते मुळेस परत मिळत नाही. मुळशी सत्याग्रहाच्या इतिहासात जमिनीचा प्रश्न अग्रभागी राहिला, हे स्वाभाविकच होते. १९६१ चा पानशेतचा प्रलय पुणेकरांच्या स्मरणात आहे. माशांच्या दृष्टीने मात्र दरसालचा पूर न येणे अधिक घातक होय.

ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा खडकवासल्याचे धरण साठ वर्षांहून जुने झाले होते. ती यादी मूळ नदीची नव्हे, अडविलेल्या नदीची आहे. पुढील याद्यांच्या बाबतीत केवळ जातींची संख्या मोजणे तर दिशाभूल करणारेच ठरते. भारतात १९५२ साली आणलेला तिलापिया अल्प प्राणवायूच्या गढूळ पाण्यातही वाढतो. कटला व रोहू हे गंगेकडील मासे जलाशयांत मुद्दाम सोडले गेले. खुद्री वजा होऊन तिलापिया जमा झाला, तर बेरीज तीच राहते.

खुद्रीची कथा येथे संपत नाही. १९७० नंतर लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात तिची कृत्रिम पैदास होऊ लागली आणि तेथील पिले दूर कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत मदार असलेला स्वतंत्र महसीर मूळचाच होता. खुद्री तेथे फोफावली आणि तो मागे पडला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता.