एक वाकळ, किती दुपारी?

“साडी आमचीच, आत घालायचे कपडे पण आमचेच. मग तुमचं नुसतं दोऱ्याचंच की!”

वाकळ शिवायला टाकणारी माणसं हे वाक्य हमखास बोलतात. मोडनिंबला राहणारी माझी मामी गेली कित्येक वर्षं ते ऐकतेय. आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, तहही नाही. आज आपण या एका वाक्याच्या मागे जायचं आहे. वाकळेत कापड आपलं, हे बरोबर. पण त्या कापडात शिवलेला वेळ कोणाचा? आणि तो फुकट आहे असं आपण कधीपासून धरून चाललो?

आधी शब्दाचं बघू. पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांना ‘गोधडी’ म्हटलं की लगेच कळेल. आमच्याकडे वाकळ म्हणतात. अक्कलकोटच्या बाजूला, कानडी बोलणाऱ्या घरांत गेलात तर कौदी. जुन्या संस्कृतात कंथा, तोच शब्द बंगालमध्ये कांथा झाला. गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणायचे, कारण अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र. म्हणजे नावं पुष्कळ आहेत. नोंदी मात्र शोधायला गेलं की हात रिकामे.

आता मोडनिंब. माढा तालुका, पुणे-सोलापूर महामार्ग. तुम्ही सोलापूरला जाताना गाडीतून हे गाव पाहिलं असेल, फक्त लक्षात राहिलं नसेल. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेली, ती इथूनच. अडीच फुटांची छोटी लाइन. तिचा इतिहास तुम्हाला नीट मिळेल: इंजिनियर कोण होता, डबे कसे होते, सगळं. तसंच सोलापूरच्या कापडाचं. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. गिरणीत हजेरी लागायची, पगार व्हायचा, संप व्हायचा, म्हणून कागद झाले. त्याच जिल्ह्यात प्रत्येक घरात अंथरूण-पांघरूण शिवलं जात होतं, त्याचा एकही हजेरीपट नाही.

म्हणून कागद सोडून वाकळच उघडून बघू.

आधी कापड. पूर्वी अस्तर म्हणजे नऊवारी लुगडं. त्याचं गणित सुंदर आहे. नऊ वार लांब कापड मधोमध कापायचं, दोन तुकडे रुंदीला जोडायचे आणि घडी घालायची. वरची आणि खालची, दोन्ही बाजू एकाच लुगड्यात निघतात. मधे धोतराचे तुकडे, सदरे, पोरांची विरलेली कापडं, एकाआड एक थर. जिथं पातळ वाटेल तिथं ठिगळ. सगळं ओट्यावर नाहीतर देवळाच्या मंडपात पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हातानं सुरकुत्या काढायच्या आणि लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे. मग खरा धावदोरा. तो कडेनं सुरू होतो. चारी बाजूंनी एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, मग तिसरी. चौकोनात चौकोन.

सुरुवातीला चार बाया चार बाजूंना बसू शकतात, गप्पा रंगतात. फेऱ्या जसजशा आत सरकतात तसतशी जागा कमी होते. मधल्या चौकोनाला एकटीच उरते, आणि तेव्हा वाकळ सगळ्यात जड असते. ‘बायका मिळून गाणी म्हणत गोधडी शिवतात’ हे चित्र आपण रील्समध्ये बघतो ना, ते पहिल्या काही फेऱ्यांचं आहे.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. समजा वाकळ 6 फूट बाय 7 फूट. म्हणजे 42 चौरस फूट. दोन फेऱ्यांत एक इंच अंतर धरलं तर टाक्यांची एकूण लांबी होते 504 फूट, दीडशे मीटरच्या पुढे. अर्ध्या इंचाला एक टाका धरा. 12 हजारांवर टाके! पाच-सहा थरांतून सुई ओढताना मिनिटाला दहा टाके पडले तर सलग वीस तास. कपडे धुणं, उसवणं, थर लावणं यात धरलेलंच नाही. दोरे मोजले तर दोन-चार रीळ, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते त्यांचे.

पण सलग वीस तास कोणाकडे असतात? मामीचा दिवस सांगतो. पहाटे पाणी, मग भाकरी, डबे, जनावरं. त्यानंतर रान. शेतपंपाची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. दिवसाची पाळी असली की पाणी धरायला जावं लागतं, त्या दिवशी सुई हातात येतच नाही. नाहीतर दुपारी जेवणं उरकल्यावर दोनेक तास मिळतात. त्यात आजीचं औषध, दारात आलेलं माणूस, चहा. नातू पसरलेल्या वाकळेवरच झोपतो, मग ती त्याच्या बाजूची फेरी सोडून पलीकडून शिवते. ऊन उतरलं की गुंडाळून कोपऱ्यात, कारण घरात तेवढी जागाच संध्याकाळी जेवायला लागते. दोन तासांतला एक तास वाकळेला मिळाला तरी खूप. म्हणजे वीस दुपारी. सुगीत तर विचारूच नका. आमच्याकडे ज्वारी रब्बीची, काढणी फेब्रुवारी-मार्चला. वाकळा त्यानंतर उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत उरकायच्या.

मी रेकॉर्डिंग सुरू करून मामीला विचारलं, “फावल्या वेळात किती होतं?” तर म्हणाली, “आरं, फावला वेळ म्हंजे काय? समदी निजल्याव माझी दुपार सुरू हुती, ती बी कामाचीच.”

हे ऐकल्यावर मी सरकारी टाइम यूज सर्व्हेचे आकडे काढले. 2019 साली देशभर झालेल्या या पाहणीत लोकांना पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला होता. बिनपगारी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचा त्या दिवशीचा सरासरी वेळ 97 मिनिटं. बायकांचा 299 मिनिटं. आणि हात लावलेले पुरुष मुळात होते 26.1 टक्के, बायका 81.2 टक्के. सुप्रीम कोर्टानं 5 जानेवारी 2021 ला अपघाताच्या भरपाईच्या एका निकालात हेच आकडे घेतले होते. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत धरायची की नाही, हा तिथला मुद्दा होता. धरायची, असं कोर्टानं सांगितलं.

इथं एक गंमत आहे, आणि मला ती भयंकर आवडते. राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत घरच्यांसाठी थापलेली भाकरी उत्पादनात धरत नाहीत. ती ‘सेवा’. पण घरच्यांसाठी शिवलेलं कापड ही ‘वस्तू’, ती नियमानं उत्पादनात येते. म्हणजे मामी सकाळी चुलीपुढे असते तेव्हा अर्थशास्त्राला दिसत नाही आणि दुपारी सुई हातात घेतली की दिसते, निदान कागदावर तरी! पण वाकळेचा टाका अर्ध्या तासाच्या सलग तुकड्यात पडतच नाही. तो पडतो नातवाच्या दोन हाकांच्या मधे. मोजणार कसं?

आता कापडाकडे परत येऊ, कारण वाकळ नुसती आवडीची गोष्ट कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली की 1943 मध्ये सरकारनं सूत आणि कापडावर नियंत्रण आणलं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तुमच्या पणजीच्या तोंडी असेल. अशा वेळी जुनं लुगडं म्हणजे घरातली पुंजी. 1972 च्या दुष्काळात माढा, करमाळा, सांगोला या पट्ट्यातल्या बाया खडी फोडायला जात होत्या. दिवसभर कामावर, आणि अंगावर घ्यायचं तरी घरीच शिवायचं. नवीन पांघरूण विकत आणणं हा विषयच नव्हता.

त्या जुन्या लुगड्याला वाटेकरीही होती, बोहारीण. जुने कपडे द्या, भांडं घ्या. घरातल्या बाईला दरवेळी ठरवावं लागायचं, या लुगड्याचं पातेलं करायचं की पांघरूण? आपण याला भंगार म्हणू, पण हा पूर्ण अर्थशास्त्रीय निर्णय होता आणि तो घरात तीच घ्यायची. (आमच्या आजीनं पातेली फार कमी घेतली. त्यामुळे घरात भांडी बेताची आणि वाकळा ढीगभर.)

मग नायलॉन आलं, टेरिकॉट आलं. नऊवारीच्या जागी सहावारी आली. कापड झिजेना, चटकन धुऊन वाळायला लागलं, बायांचा एक त्रास खरंच कमी झाला. पण वाकळेला ते मानवत नाही. थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषला जात नाही. सुती लुगडं जितकं विरतं तितकं मऊ होतं, पॉलिस्टरचं तसं नाही. तुमच्या घरी जुनी वाकळ उसवलेली असेल तर तिच्या कडेला बघा. आतून सुती, बाहेरून चकचकीत असं बहुतेक दिसेल. कारण जुनी वाकळ फाटली की टाकत नाहीत, तीच आतला थर होते आणि वरून नवं अस्तर चढतं. आजीची वाकळ आईच्या वाकळेच्या पोटात. इतिहासवाल्यांना याचा वैताग येतो, कारण अख्खी जुनी वाकळ हाताला लागणं अवघड होऊन बसतं.

किमतीचा प्रश्न उरलाच. सोलापूर शहरात घरी बसून काम करणाऱ्या आणखी बाया आहेत, विडी वळणाऱ्या. पाय पसरून, सूप मांडीवर, पोर शेजारी. बघायला दृश्य वाकळेसारखंच. पण 1966 च्या विडी कामगार कायद्यानं घरी विडी वळणारीला कामगार मानलं. कारण तिथं मोजमाप होतं, हजार विड्यांचं. कारखानदार होता, आणि भांडायला युनियन होती. मिळतं ते पुरेसं आहे असं कोणी म्हणत नाही, पण भांडायला आकडा आहे. वाकळेला मालकच नाही, मग भांडायचं कोणाशी?

त्याच 1966 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात काही कृष्णवर्णीय बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी जीज बेंड आणि आसपासच्या वस्त्यांतल्या. नागरी हक्कांच्या चळवळीचे दिवस होते, मतदानासाठी नाव नोंदवायला गेलं की त्रास व्हायचा. या बायाही शेतात वापरलेल्या फाटक्या कपड्यांच्याच वाकळा शिवायच्या, थंडीसाठी. संस्था झाल्यावर त्याच शिवणकामाचे पैसे यायला लागले. 2002 मध्ये जीज बेंडच्या वाकळा ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. भिंतीवर लावणं मला तेवढं महत्त्वाचं वाटत नाही. छत्तीस वर्षं आधी त्यांनी एकत्र बसून आपल्या कामाचा दर ठरवला, ते मोठं.

मोडनिंबला संस्था वगैरे नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहे. पुण्यातल्या कुणालातरी बाळासाठी दुपटं हवं असतं, आईच्या साडीची आठवण म्हणून पांघरूण हवं असतं, फोटो येतात, साड्या एसटीच्या पार्सलनं येतात. मामीनं अलीकडे एक बदल केलाय. ती अख्ख्या वाकळेचा दर सांगत नाही. फेऱ्यांमधलं अंतर विचारते: बोटभर की अर्धं बोट? अर्धं बोट म्हटलं की टाके दुप्पट, म्हणून पैसेही जास्त. साधी गोष्ट आहे, पण गिऱ्हाइकाला पहिल्यांदा टाक्यांबद्दल विचार करावा लागतो. काही जण परत फोन करत नाहीत. मामाला ते पटत नाही, तो म्हणतो आलेलं काम घालवू नये. मामीचं म्हणणं, गेलं तर दुपारी जरा पाठ टेकीन.

दोघांचं हे अजून मिटलेलं नाही. मी गेलो होतो तेव्हा सोलापूरहून एका बाईंचा फोन आला, दोन साड्या आणि वडिलांची धोतरं आहेत म्हणाल्या. मामीनं विचारलं, फेरी किती बोटांची घालू? पलीकडून उत्तर आलं, तुम्हीच सांगा, आणि दिवस किती लागतील तेही सांगा.

“ईस दुपारी,” मामी म्हणाली. “पानी धरायची पाळी आली तर पंचवीस.”

आता तुमच्याकडे वळतो. घरी वाकळ असेल तर दोन फेऱ्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा, लांबी-रुंदी घ्या, वर सांगितलेला हिशेब करा आणि ती कोणी, कुठल्या गावात शिवली ते विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. विचारायला ती व्यक्ती घरात असेल तर आज रात्रीच विचारा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू.